ढीग आणि संग्रह

संग्रह करणे हा मनुष्याचा उपजत स्वभाव आहे. शेतकरी कणगीत धान्य भरतो, गृहिणी फडताळात डबे मांडते, विद्यार्थी वह्यापुस्तकांची चळत रचतो. परंतु केवळ साठविले म्हणजे संग्रह झाला असे नव्हे. रात्री वीज गेली असता काळोखातही गृहिणीचा हात नेमका मोहरीच्या डब्यावर पडतो. म्हणूनच त्या फडताळास संग्रह हे नाव शोभते. जे हवे त्या वेळी हाती लागते तो संग्रह. जे आपल्यापाशी आहे हे ठाऊक असूनही सापडत नाही तो ढीग. धान्य, भांडी व पुस्तके यांच्या बाबतीत हा भेद आपण फार पूर्वीच शिकलो. अलीकडे मात्र घरोघरी एक नवाच साठा वाढत आहे आणि तो डोळ्यांस दिसत नसल्यामुळे त्याचा पसारा कोणास जाणवत नाही. मोबाइल व संगणक यांत उतरवून घेतलेली मासिके, पुस्तके आणि चित्रे हा तो साठा होय. त्याच्या एका लहानशा कोपऱ्याविषयी, म्हणजे सुतारकामाची मासिके व जाळीकामाचे नमुने यांविषयी, आज चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

आमचे वास्तव्य देडतलाईस आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राच्या सीमेलगत वसले आहे. येथून पुढे गेले की अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि मेळघाटचे डोंगर लागतात. बाजाराच्या दिवशी येथे मराठी, हिंदी आणि कोरकू या तिन्ही भाषा कानी पडतात. भोवताली सागाचे रान असल्यामुळे लाकडाची जाण येथील माणसास लहानपणापासूनच असते. अशा गावी जाळीकामाचा छंद आम्हांस वडिलांकडून लाभला.

ही कला दिसावयास नाजूक, परंतु तिची साधने अगदी साधी. धनुष्याकृती चौकटीत केसासारखे बारीक पाते ताणून बसविलेले असते, हीच फ्रेट-सॉ. टेबलाच्या कडेस खाच पाडलेली एक फळी घट्ट बसवावयाची, तीवर लाकूड धरावयाचे आणि पात्याचे दात खाली करून करवत वरखाली चालवावयाची. हेच काम विजेच्या यंत्राने होऊ लागले की त्या यंत्रास स्क्रोल-सॉ म्हणतात. आतील नक्षी कापावयाची झाल्यास आधी बारीक भोक पाडून त्यातून पाते ओवून घ्यावे लागते. आतील सर्व छेद प्रथम आणि बाहेरील कड शेवटी, हा येथील नियम; कारण कड आधी कापली तर हातात धरावयास काही उरत नाही. सागाची पातळ फळी नक्षीच्या अरुंद जागी रेषेच्या दिशेने चटकन तुटते. प्लायवुडाचे थर एकमेकांस आडवे-उभे चिकटविलेले असल्यामुळे तीत बारीक काम टिकते.

या कलेत हाताइतकेच महत्त्व नमुन्यास आहे. चित्र काढणे निराळे आणि कापण्याजोगा नमुना काढणे निराळे. मोराच्या पिसाऱ्यातील प्रत्येक डोळा कोठे तरी उरलेल्या लाकडास जोडलेला राहिला पाहिजे. तो जोड काढणारा विसरला, तर कापणाऱ्याच्या हातून पिसाराच गळून पडतो. म्हणूनच चांगल्या नमुन्यांना मोठी मागणी असे. इंग्लंडमधील डेरेहॅम या गावातून १८९५ साली 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक निघू लागले आणि त्याच्या अंकाबरोबर जाळीकामाचा नमुना मोफत मिळू लागला. 'द वुडवर्कर' हे मासिक १९०१ सालचे. आपल्याकडे १९२० साली निघालेले 'किर्लोस्कर खबर' आणि नागपूरचे 'उद्यम' यांसारख्या मासिकांनी मराठी वाचकास हस्तोद्योगाची गोडी लावली. आमच्या वडिलांनी मुंबईच्या रद्दीच्या दुकानातून 'हॉबीज'चे काही जुने अंक मिळविले होते. ते सुतळीने बांधलेले गठ्ठे आमच्या घरात कित्येक वर्षे माळ्यावर होते.

कागदाचे आयुष्य किती, हे आमच्या जिल्ह्यातील माणसास सांगावयास नको. वृत्तपत्री कागदाचा देशातील पहिला कारखाना येथल्याच नेपानगरात उभा राहिला आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आमच्या रानातील सालई व बांबू यांचा लगदा होऊन त्याचा कागद देशभर जात असे. असा कागद स्वस्त खरा, परंतु लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य त्यात बहुतांशी राहून जाते आणि ऊन व हवा लागताच तो पिवळा पडून ठिसूळ होतो. शिवाय वाळवी व कसर आहेतच. वडिलांच्या गठ्ठ्यांतील नमुन्यांच्या घड्या उलगडताना तुकडे पडू लागले, तेव्हा त्यांच्या प्रतिमा संगणकात उतरवून ठेवण्याचे आम्ही ठरविले. नमुन्याचा कागद यंत्राच्या काचेहून मोठा असल्यामुळे तो तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागला. प्रत्येक वेळी कागदाशेजारी एक फूटपट्टी ठेवून तीही प्रतिमेत येऊ दिली, म्हणजे पुढे कितीही वर्षांनी मूळ माप निःसंशय कळावे. रेषांच्या चित्रांसाठी एका इंचात ६०० ठिपक्यांची सूक्ष्मता आम्हांस पुरेशी वाटली.

जुन्या कागदाचा प्रश्न असा सुटला. परंतु नव्या साठ्याचा प्रश्न आमच्यासमोर आला तो शेजारच्या घरातून. तेथे एक सुतार कुटुंब राहते. मुलगा विशीतला, हाताचा कसबी. त्याने जुनी स्क्रोल-सॉ विकत घेतली होती आणि तिच्या हप्त्याचे पैसे अजून फिटावयाचे होते. एके दिवशी धारणीहून एक गिऱ्हाईक आले. त्यास देव्हाऱ्याच्या दोन दारांसाठी समोरासमोर तोंड केलेल्या मोरांची जाळी हवी होती. मुलाने मोबाइल काढला. त्यात सात हजारांवर नमुने होते. तो चित्रे सरकवीत राहिला. गरुड आले, अस्वले आली, नाताळच्या चांदण्या व गव्हाणीचे देखावे आले, पुन्हा तेच गरुड आले. अर्ध्या तासाने गिऱ्हाईक "बरं, येतो मग" म्हणून उठले. असे उठलेले गिऱ्हाईक परत येत नसते, हे दुकानदारीत पडलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

सायंकाळी तो आमच्याकडे आला. "काका, नमुने तं लय आहेत, पन येळेवर एक सापडत नाही," असे तो म्हणाला. या एका वाक्यात साऱ्या रोगाचे निदान होते. त्याच्या घरी त्या महिन्याचा हप्ता त्या दोन दारांवर अवलंबून होता. पावसाळ्याचे दिवस होते, लाकडाचे काम मंद होते. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्या ढिगाचा संग्रह करावयास घेतला. तो क्रम येथे देत आहोत, कारण विषय कोणताही असला तरी तो उपयोगी पडण्यासारखा आहे.

प्रथम काढून टाकणे. एकच चित्र निरनिराळ्या नावांनी चार-चार वेळा आलेले असते. दोन फायली तंतोतंत सारख्या आहेत की काय हे सांगणारी साधने मोफत मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र म्हणून आलेला नमुना दाबून लहान केलेला असतो. त्याच्या रेषा पुसट होतात आणि मोठा करून छापला की कडा दातेरी दिसतात. असे शेकडो नमुने गेले. नमुना पाठवावयाचाच तर चित्र म्हणून न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठवावा. तसेच रेषांची गणिती नोंद असलेली, म्हणजे वेक्टर पद्धतीची फाईल मिळत असेल तर तीच घ्यावी. ती कितीही मोठी केली तरी रेषा स्वच्छ राहते.

यानंतर अधिक अवघड प्रश्न आला. कित्येक मासिकांचे संपूर्ण अंक कोणी तरी परस्पर उतरवून वाटलेले होते. ते ठेवावे की टाकावे? मुलाचे म्हणणे असे की, सारेच जण घेतात. आम्ही त्यास एवढेच विचारले की, दुसऱ्याच्या बांधावरचा साग तू तोडशील काय? तो हसला आणि गप्प झाला. नमुना काढणाऱ्यानेही त्यावर आपले दिवस खर्च केलेले असतात. तोही त्याचा साग आहे. भारताच्या १९५७च्या कायद्यानुसार लेखक वा चित्रकार यांचा हक्क आज त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शिवाय ज्याच्या विक्रीवर आपली भाकरी अवलंबून आहे असा माल परक्याच्या न विचारता घेतलेल्या नमुन्यावर करणे धंद्यासही धोक्याचेच. ते अंक आम्ही पुसून टाकले.

सरळ मार्गाने मिळणारे साहित्य काही थोडे नाही. १९७१ साली सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या उपक्रमात हक्काची मुदत संपलेली पुस्तके मोफत मिळतात. विल्यम नॉइस यांचे 'हँडवर्क इन वुड' हे १९१० सालचे जाडजूड पुस्तक तेथे आहे. 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चे अनेक जुने अंक गुगलने २००८ साली वाचावयास खुले केले. १९७५ साली निघालेल्या 'फाइन वुडवर्किंग'च्या प्रकाशकांनी आपले जुने अंक एकत्र करून विक्रीस ठेवले. केवळ स्क्रोल-सॉच्या कामास वाहिलेली नियतकालिकेही निघाली. अनेक कलावंत आपले नमुने मोफत वाटतात. मात्र काही जण वस्तू विकण्यास परवानगी देतात, तर काही केवळ घरगुती उपयोगास. ती अट नमुन्यासोबतच लिहून ठेवली पाहिजे; सहा महिन्यांनी ती कोणासही आठवत नाही.

मग नावे देणे. यंत्राने दिलेली आकड्यांची नावे निरर्थक असतात. मासिकाच्या अंकास आधी मासिकाचे नाव, नंतर वर्ष, नंतर महिना असे नाव द्यावे: 'हॉबीज-१९५७-०३'. महिना दोन अंकी लिहावा, नाही तर कित्येक यंत्रांत १० व ११ हे महिने २ च्या आधी येऊन बसतात. आकडे एकाच लिपीत लिहावेत. एवढ्याने अंक आपोआप काळाच्या ओळीत उभे राहतात.

नमुन्यांचे काम याहून गुंतागुंतीचे. मोराची जाळी 'पक्षी' या कप्प्यात ठेवावी, की 'देव्हारा' या कप्प्यात, की 'दारे' या कप्प्यात? कागदाचा गठ्ठा एकाच कप्प्यात राहू शकतो, म्हणून ही अडचण. आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी या प्रश्नावर फार खोल विचार केला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचविणे हे त्यांतील एक. १९३३ साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. एका वस्तूस एकच घर न देता तिच्या निरनिराळ्या अंगांची नोंद करावी, हे त्याचे मर्म. हे मर्म सुताराच्या दुकानासही लागू पडते. संगणकावर यासाठी कॅलिबरसारखी मोफत साधने आहेत. परंतु आम्ही साधा तक्ता पसंत केला, कारण तो मोबाइलवरही उघडतो आणि छापूनही ठेवता येतो. त्यात रकाने असे केले: विषय, उपयोग, लांबी-रुंदी, लाकडाची जाडी, आतील छेदांची संख्या, स्रोत, परवानगी, आणि शेवटचा रकाना 'कापून पाहिला काय?'

हा शेवटचा रकाना आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या नमुन्यावर एकदा पाते चालले त्याविषयी कारागीर गिऱ्हाइकास वेळ व किंमत यांचा शब्द देऊ शकतो. बाकीचे सारे केवळ शक्यतेच्या कोटीतले. सात हजारांतून तक्त्यात चढले ते जेमतेम चारशे. आणि त्यांतील कापून पाहिलेले त्या वेळी तीस. मुलास प्रथम हे दारिद्र्य वाटले. परंतु तीस नमुने हुकमी येणे ही सुताराची खरी पुंजी होय.

मापाविषयी एक इशारा येथेच दिला पाहिजे. अमेरिकेतील नमुने बहुधा तेथील लेटर मापाच्या कागदावर आखलेले असतात. त्याची रुंदी २१६ मिलिमीटर, तर आपल्या ए-४ कागदाची २१०. छापताना 'पानात बसवा' अशी आज्ञा दिली की नमुना सुमारे ९७ टक्क्यांवर येतो आणि सहा इंचांची रेषा सहा इंच राहत नाही. म्हणून शंभर टक्के मापानेच छापावे व कडेला आखलेली एक इंचाची खूण पट्टीने मोजून मगच कागद चिकटवावा. तेथील पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, तर आपल्या दुकानातील प्लायवुड ६ मिलिमीटरचे; खाच नमुन्याबरहुकूम कापली तर जोड ढिला बसतो. आमच्या तक्त्यात अशा नमुन्यांपुढे 'खाच बदला' अशी तांबडी खूण आहे.

शेवटी रक्षण. जाणकार सांगतात की, प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. आमची एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी बऱ्हाणपुरास नातेवाइकांच्या कपाटात आहे. परंतु खेड्यात वीज जाते, मोबाइलचे जाळेही जाते. म्हणून त्या तीस नमुन्यांची छापील वही दुकानात खिळ्याला टांगलेली असते. गिऱ्हाईक तीच चाळते. या साऱ्या आधुनिक खटाटोपाचे फळ अखेर एका कागदी वहीत उतरावे, यात आम्हांस विसंगत असे काही वाटत नाही.

हे काम करीत असता एक गोष्ट मात्र मनास लागून राहिली. विषयाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला तेव्हा त्यात परदेशी गरुड होते, मेपलची पाने होती, बर्फातली घरे होती. आमच्या रानातील एकही वस्तू नव्हती. पळसाचे फूल नाही, मोहाचे पान नाही, तेंदूची फांदी नाही. ढीग होता तोपर्यंत ही उणीव दिसत नव्हती. सात हजारांत सर्व काही असेलच असे वाटे. रांग लागली तेव्हा रिकामी जागा दिसली.

वास्तविक हा मुलूख नक्षीच्या बाबतीत दरिद्री नाही. बऱ्हाणपुरातील फारुकी व मोगल काळातील दगडी वास्तूंतून जाळीचे काम पाहावयास मिळते. त्यातील एक आकृती काढली की तिचीच पुनरावृत्ती होत जाते, त्यामुळे ती स्क्रोल-सॉला अगदी सोयीची. आणि मेळघाटच्या बाजूस कोरकू लोकांच्या सागवानी स्मृतिफळ्या आहेत. आपल्या मृतांसाठी ते त्या उभारतात. त्यांवर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेले असतात. ऑस्ट्रियातून आलेले धर्मगुरू व मानववंशशास्त्रज्ञ फादर स्टीफन फुक्स यांनी निमाडातील बलाही समाजावर १९५० साली व कोरकूंवर १९८८ साली ग्रंथ प्रसिद्ध केले, ते अशा लोकजीवनाची नोंद राहावी म्हणूनच.

मुलाच्या मनात त्या घोडेस्वाराचा नमुना करावा असे आले. भिंतीवर टांगावयास तो सुरेख दिसला असता आणि विकलाही गेला असता. आम्ही त्यास आधी त्याच्या कोरकू मित्राच्या घरी विचारावयास सांगितले. तेथील वृद्ध गृहस्थांनी रागावून नव्हे, पण स्पष्टपणे सांगितले की, ती फळी गेलेल्या माणसाची आहे, बैठकीच्या भिंतीची नव्हे. पळस काढ, मोर काढ, धनुष्य काढ. परवानगीचा रकाना केवळ छापील मासिकांसाठी नसतो, हे त्या दिवशी मुलास आपोआप उमगले. जी वस्तू कोणाच्याही कायद्यात नोंदलेली नाही, तीही कोणाची तरी असू शकते.

मोराच्या दारांचे ते पहिले काम दुसरीकडे गेले ते गेलेच. तो हप्ता मुलाने घरच्यांकडून पैसे घेऊन भरला. परंतु दिवाळीनंतर गावातीलच एका घरून देव्हाऱ्याच्या जाळीची विचारणा झाली, तेव्हा त्याने वही पुढे केली आणि चहाचा कप रिकामा होण्यापूर्वी नमुना, किंमत व दिवस ठरले. त्यानंतरही कामे येत आहेत. फार नाहीत, पण येत आहेत. तो आता रोज रात्री नवे नमुने उतरवून घेत नाही. आठवड्यातून एक कापून पाहतो.

आमच्या वाचकांपैकी फार थोडे जण सुतारकाम करीत असतील. परंतु कोणाच्या मोबाइलमध्ये पाककृती साठलेल्या असतील, कोणाच्या विणकामाचे नमुने, कोणाच्या मुलांच्या अभ्यासाची टिपणे, कोणाची गीते. आठवड्यातून एक तास काढावा. घरातील एखाद्या मुलास जवळ बसवावे. दुसऱ्याचे असेल ते परत करावे किंवा त्याचे मोल द्यावे, निरुपयोगी असेल ते पुसावे, उरेल त्यास नाव द्यावे. उरलेले थोडे दिसेल. त्याने खट्टू होऊ नये. त्या थोड्यातून काय नाही हे कळते आणि जे नाही ते स्वतः करण्याची बुद्धी होते.

या पावसाळ्यात मुलाने पळसाच्या तीन पानांचा एक नमुना स्वतः काढला. पहिल्या खेपेस मधले पान गळून पडले, कारण जोड कमी पडला; दुसऱ्या खेपेस टिकले. तक्त्यात त्याची नोंद आम्हीच केली: लाकूड ६ मिलिमीटर, आतील छेद अकरा, कापून पाहिला. स्रोताच्या रकान्यात काय लिहावे असे विचारता तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "देडतलाई लिहा, काका."